सुपाआडची लढाई

आमच्या घरातली पहिली मोठी लढाई तीन दुपारी चालली आणि कोणीच जिंकलं नाही. तिसऱ्या दुपारी रशीद बसल्या जागी झोपला, माझा धाकटा भाऊ भीमा रडायला लागला, आणि विमलनं वैतागून अर्धं सैन्य उचलून परत डब्यात टाकलं. सैन्य चिंचोक्यांचं होतं. आमच्या बाजूचे चारशे, शत्रूचे सहाशे. त्या एकेका चिंचोक्यासाठी मी वेगळा डाव टाकत होते, कारण लढाईत प्रत्येक माणूस मोजला गेला पाहिजे असं मला वाटत होतं. लढाई चालवणारी मी होते. चौदा वर्षांची होते, आठवीतून नववीत गेले होते, आणि असला खेळ जगात दुसरीकडे कुठे कोणी खेळत असेल अशी मला कल्पनाही नव्हती.

माझा नातू पुण्याला शिकतो. त्याचे मित्र दर रविवारी त्याच्या खोलीवर जमतात. एकजण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि बऱ्याच बाजू असलेला एक फासा पडेल तसं पुढे घडतं. मागच्या महिन्यात सुट्टीत घरी आला तेव्हा तो मला हे सगळं मोठ्या कळकळीनं समजावून सांगत होता. "आजी, चार माणसांची मारामारी सोपी असते. पण पूर्ण सैन्य लढवायचं म्हटलं की डोकं फिरतं." मी म्हटलं, मला माहीत आहे. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मग त्याला सांगायला बसले तर तो उठेचना, आणि त्याची आईही हातातलं काम टाकून येऊन बसली. तेव्हा वाटलं, हे एकदा नीट लिहून ठेवावं.

मंगरूळपीरला आमचं घर दोन खोल्यांचं. वर कवेलूंचं छप्पर, खाली सारवलेली जमीन, पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली बाबांची फौजेतली लोखंडी पेटी. बाबा फौजेतून हवालदार होऊन मुदतीआधीच घरी आले होते. डावा कान पूर्ण गेला होता. आता ते कचेरीत शिपाई होते, सायकलनं जायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचे. लोक त्यांना हवालदारच म्हणत. आमच्या आणि विमलच्या घरामध्ये एकच भिंत होती, मातीची आणि पातळ. पहाटे तिच्या आईच्या जात्याची घरघर आमच्या उशाशी ऐकू यायची, आणि आमच्याकडे फोडणीचा वास सुटला की पलीकडून तिची आई विचारायची, "काय केलं वं आज?" माझी माय भिंतीकडे तोंड करून सांगायची, "चिवळची भाजी." एवढं बोलून दोघी आपापल्या कामाला लागायच्या.

वऱ्हाडातला उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको की अकरा ते चार बाहेर पाऊल टाकता येत नाही. माय आम्हाला घरात कोंडायची. दाराला ओलं पोतं बांधलेलं असायचं. मागच्या खोलीत ती सरगुंडे वळत बसायची. काडीवर कणीक गुंडाळायची, हलक्या हातानं काडी सोडवायची आणि सूप भरत आणायची. रसाच्या दिवसांत आम्हाला ते सरगुंडे आंब्याच्या रसात बुडवून मिळायचे. त्या कोंडलेल्या दुपारींतूनच आमचा खेळ निघाला. आम्ही त्याला 'मुलूख' म्हणायचो. कोळशानं जमिनीवर एक देश काढायचा, डोंगर, नदी, गावं. प्रत्येकानं त्या देशातलं एक माणूस व्हायचं. मी कोणीच व्हायचं नाही. मी सांगायचं, तुम्ही इथं आहात, समोर हे आहे, आणि विचारायचं, "आता काय करतं?" त्यानं सांगायचं. जमतं की नाही हे चार फोडलेले चिंचोके ठरवायचे. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू काळी असते, एक पांढरी. चारी पांढरे पडले तर काम फत्ते, चारी काळे पडले तर माणूस मेला, आणि मधलं जे पडेल त्याचा अर्थ मी लावायचा.

भीमा नऊ वर्षांचा होता आणि त्याचा माणूस वाघावर बसायचा. समोरच्या शिंप्याचा रशीद हवेशी बोलणारा हकीम झाला होता. तो हवेला इतक्या अदबीनं हाक मारायचा की मायही आतून हसायची. विमल माझ्याहून वर्षानं मोठी, पुढे तिचं मॅट्रिकचं वर्ष. ती झाली होती पळसा. पळसा म्हणजे नदीकाठच्या लोकांची सेनानी. तिला कोणी नेमलं नव्हतं. तिच्या गावची माणसं पळत होती तेव्हा ती वळून उभी राहिली, एवढ्यावरून लोक तिच्या मागे उभे राहिले. हे विमलनंच ठरवलं होतं. खऱ्या आयुष्यात विमल हळू बोलायची आणि चालताना ओढणीचं टोक चावायची. पळसा झाली की तिचा आवाज पोटातून यायचा. आणि शत्रू होते तहाने. तहाने म्हणजे कोरड्या मातीची माणसं. ती ज्या गावात शिरतात तिथल्या विहिरी पिऊन टाकतात आणि त्यांची तहान काही भागत नाही. ते मला कसे सुचले हे सांगायची गरज नाही. आमच्या वस्तीची विहीर एप्रिलमध्येच तळाला जायची.

तर ती तीन दुपारींची फसलेली लढाई. त्याच आठवड्यात रविवारी बाबा घरी होते. बाजेवर पडले होते, डोळे मिटलेले. मी एकटीच डब्यातले चिंचोके पुन्हा मांडत होते.

"सुजे, काय करून राह्यली?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"लढाई."

"कोनाची?"

"आमची आन तहान्यायची. आमचे चारशे, त्यायचे सहाशे."

"आन हजार बारी डाव फेकतं?"

"हो."

"मंग तं तहाने म्हातारे होऊन मरतीन."

मला हसू आलं. बाबा उठून बसले. बराच वेळ त्या मांडलेल्या चिंचोक्यांकडे पाहत राहिले, मग बाजेवरून उतरून माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी माझे सगळे चिंचोके गोळा केले आणि त्यातले दहाच खाली ठेवले. "हा एक चिंचोका म्हंजे शंभर मानूस. शंभरातले किती पडले ते मोजू नको. शंभर उभे हायेत का मागं सरकून राह्यले, एवढंच पाय. शंभरातले वीस पडले का बाकीचे ऐंशी पळतेत. सारे मरत नाहीत कधी." मग म्हणाले, "आन हे सारं मैदान पोट्ट्यायले काहून दाखवतं? शिपायाले लढाई दिसत नाही, पोरी. समोरचा मानूस दिसते, बाजूचा दिसते. बाकी धूळ असते."

"मंग ते हुकूम कसे देतीन?"

"आधी देतेत. तू साऱ्यायचे हुकूम आधी कानात घे. एकदा देला का वापस नाही. मंग पाय काय होते ते." ते थोडं थांबले. "आन पानी कोन आनते ते ठरवलं का? तुह्या फौजेले पानी कोन देते?"

मी ते ठरवलं नव्हतं. बाबा म्हणाले, पाण्याच्या खेचरांमागे एक पोरगा असायचा त्यांच्याकडे. लढाई तीन कोस पुढे चालू होती आणि तो रोज त्याच वाटेनं येत होता. एक दिवस आला नाही. "तवा समजलं लढाई कुठी पोचली ते," एवढंच ते म्हणाले. मागच्या खोलीत सरगुंडे वळायचा आवाज थांबला होता. फौजेतून आल्यापासून बाबांनी लढाईचं एक अक्षर काढलं नव्हतं. मायनं विचारलं नव्हतं असं नाही, पण ते दुसरंच काहीतरी बोलायचे. माय उठली, पन्ह्याचा पेला भरून आणला, त्यात गुळाचा आणखी एक खडा टाकला आणि त्यांच्या हातात देऊन तिथंच उंबऱ्यावर बसली. त्या दुपारी बाबांनी मला सगळं मैदान मांडून दाखवलं. डाव कोणाला दिसू नये म्हणून मायनं आपलं जुनं सूप दिलं. ते भिंतीसारखं उभं करून त्याआड मी चिंचोके टाकायचे. आजही मला वाटतं, तो खेळ नसता तर माझ्या बापाशी माझी ओळख राहूनच गेली असती.

त्यानंतर खेळ सुरळीत चालायला लागला. एका दुपारी एक लढाई पुरी व्हायची. वस्तीतली पोरं दाराशी येऊन बसायला लागली आणि मी त्यांनाही शंभर-शंभर माणसं वाटून द्यायला लागले. मे महिन्यात एका सकाळी अंगणात पाणी भरताना मायनं सहज सांगावं तसं सांगितलं, "विमलीची सोयरीक झाली. मानोऱ्याकडचं पोरगं हाये, पोहरादेवीच्या रस्त्यावरचं गाव. शाळा उघडाच्या आंधी लगन."

"तिनं मले सांगितलं नाही," मी म्हटलं.

"सांगाची गोष्ट हाये का ते? साऱ्यायले दिसनच."

विमल त्या दिवशीही खेळायला आली. तहान्यांच्या दोन टोळ्या मारल्या, मायकडून पापडाची लाटी मागून खाल्ली आणि घरी गेली. मी काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. मला इतकंच कळत होतं की हा तिचा शेवटचा उन्हाळा आहे. मग मी ठरवलं की तिच्यासाठी एक शेवटची मोठी लढाई करायची, अशी की सगळा मुलूख पणाला लागेल, आणि पळसा जिंकेल. हे 'जिंकेल' मी आधीच ठरवून ठेवलं होतं. ते मी कोणाला बोलले नाही.

विहाराच्या मागे मोठा निंब होता. त्याखाली आम्ही तीन सकाळी खपून मुलूख मांडला. नदी खरी खणली, तिला आमच्या अडाण नदीचंच नाव दिलं, वाळू पसरून मैदान केलं, पलीकडे विटांचा किल्ला. लढाईच्या दिवशी बावीस पोरं जमली. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. प्रत्येकाला शंभर-दोनशे माणसं दिली. सगळ्यांत लहान तीन पोरींना पखाली दिल्या, म्हणजे पाणी पोचवणं त्यांच्याकडे. त्या आधी रुसल्या, त्यांनाही तलवारी हव्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही पोचल्या नाही तर सारे मरतीन. मग त्या फार गंभीर झाल्या आणि त्यांच्यातली एक खरंच घरून पाण्याचा गडू घेऊन आली.

एकेकजण माझ्या कानात हुकूम सांगून जायचा. बावीस जणांचे श्वास, कोणाला कांद्याचा वास, कोणाला मिसरीचा. सगळे हुकूम मनात धरायचे आणि मग सुपाआड डाव टाकून सांगायचं, धूळ उडाली, डावीकडून आरडाओरडा ऐकू येतो, पण काय झालं ते तुम्हाला दिसत नाही. पोरं माना उंच करायची. भीमा वाघ घेऊन फारच पुढे गेला आणि तहान्यांनी त्याला घेरलं. रशीदनं हवेला विनंती केली, तीन पांढरे पडले, आणि हवेनं एवढी धूळ उडवली की वाघ निसटून आला, पण आमच्याच तीनशे माणसांना वाट दिसेना. पखालीवाल्या तिघींपैकी दोघी अडकल्या. फौजेला पाणी मिळालं नाही. एकेक शंभर मागे सरकायला लागलं. मी काही केल्या ही लढाई जिंकवू शकत नव्हते. बाबांनी सांगितलेल्या रीतीनं ती चालत होती आणि ती माझ्या हातात राहिली नव्हती. ऊन डोक्यावर आलं तरी निंबाच्या सावलीतून कोणी उठलं नाही. शेवटी सगळी फौज नदीच्या उताराशी, म्हणजे पायी पार होता येईल अशा जागी आली. उतार अरुंद होता. पलीकडे जायला वेळ लागणार होता आणि तहाने मागे होते.

"कोनीतरी थांबा लागन," मी म्हटलं.

विमल माझ्या कानाशी आली नाही. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "पळसा थांबते. बाकी साऱ्यायनं नदी उतरून जा."

"एकटीच?"

"एकटीच. उतारात एका बारीले एकच मानूस येते ना? तूच सांगितलं."

मी तेच सांगितलं होतं. मी डाव टाकला. पहिला डाव चांगला पडला, पळसा उभी राहिली आणि पाचशे माणसं नदी उतरली. दुसरा मधला पडला, ती जखमी झाली, आणखी पाचशे उतरली. तिसरा टाकला. सुपाआड मी पाहिलं. चारी काळे.

मी म्हणाले, "दोन पांढरे. पळसाले लागलं, पन ते वाचली. पोहून पलीकडं गेली."

पोरं ओरडली, भीमा नाचायला लागला. विमल हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मला खोटं बोलता येत नाही, माझे कान लाल होतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं वाकून सूप बाजूला केलं. चारी काळे चिंचोके वाळूत तसेच पडलेले होते, आणि ते सगळ्यांना दिसले.

"काहून खोटं सांगितलं?" तिनं विचारलं. पळसाचा आवाज नव्हता तो. तिचा नेहमीचा, हळू.

"तू मरू नये म्हनून."

"मी थांबतो म्हनलं तवा मले मालूम नव्हतं का?" ती म्हणाली. "मी मनानं थांबली, सुजे. घरी माह्यं सारं दुसरेच ठरवतेत. कपडे कोनते, जाचं कुठी, कवा. मले कोनी इचारत नाही. इथं इचारत होती तू. आता काय करतं, म्हनून. आन इथं बी तूच ठरवलं."

एवढं बोलून ती उठली आणि परकराला लागलेली वाळू झाडून चालायला लागली. तिच्या वाटेत बाबा उभे होते. जेवायला घरी येताना पोरांचा गलका ऐकून इकडे वळले असतील. सायकल हातात धरून ते निंबाच्या पलीकडे थांबले होते. एकाच कानानं त्यांनी किती ऐकलं मला कळलं नाही. विमल त्यांच्या बाजूनं खाली मान घालून गेली. वाळूतले चार चिंचोके बाबांनी उचलून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "चाल, जेव."

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी बाबांनी हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि शेजारी केशवकाकांकडे गेले. केशवकाका म्हणजे विमलचे वडील. जिनिंगमध्ये कामाला होते, शब्दाला पक्के आणि तापट. मी भिंतीपाशी जाऊन बसले. मायनं पाहिलं आणि मला उठवलं नाही. उलट स्वतःही येऊन माझ्याशेजारी तांदूळ निवडत बसली.

आधी बराच वेळ पाण्यापावसाचं बोलणं झालं. मग बाबांनी विचारलं, "केशव, पोरीले इचारलं का?"

"काय इचाराचं?"

"लगनाचं."

"पोरीले कोन इचारते, हवालदार? तुमच्या बायकोले इचारलं होतं काय कोनी?"

"नाही," बाबा म्हणाले. "पन इचाराले पायजे होतं."

मायचा तांदळातला हात थांबला. पलीकडे केशवकाका काहीतरी पुटपुटले. घर माझं, पोरगी माझी, असं काही. बाबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "तुही पोरगी हाये, मी नाही म्हनत नाही. लगन मोड असं बी म्हनत नाही. एकडाव इचार. मी इथंच बसतो."

शेवटी केशवकाकांनी हाक मारली, "विमल, इकडं ये." तिची पावलं ऐकू आली. "हे पाय, हवालदार म्हनते तुले इचारा म्हनून. सांग काय सांगाचं ते."

मी भिंतीला कान लावला होता. विमल बोलली तेव्हा तो आवाज पोटातून आला. "लगन करतो, बाबा. पोरगा मी पायला, वाईट नाही. पन मॅट्रिकची परीक्षा देईन. तिकडून देईन नाहीतर इकडून देईन, पन देईन. हे त्यायले आधी सांगा. ते हो म्हनले तरच लगन."

"आन नाही म्हनले तं?"

"तं नाही."

केशवकाका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बस धरून मानोऱ्याकडे गेले आणि संध्याकाळी परत येऊन बाबांना रस्त्यातच सांगितलं, "हो म्हनले." शब्द द्यायला काय लागतं, असं माय नंतर म्हणाली. पण शब्द मागितला गेला होता आणि तो विमलनं मागितला होता.

मी मात्र तिच्याकडे जायला घाबरत होते. चौथ्या दिवशी सकाळी गेले. तिच्या आईनं खाटेवर बिबड्या वाळत घातल्या होत्या आणि विमल ओल्या कापडावर ज्वारीच्या पिठाची पुढची बिबडी थापत होती. मी हात धुतले, शेजारी बसले, गोळा घेतला. तीन-चार बिबड्या झाल्यावर म्हटलं, "पळसा मेली. चार काळे पडले होते. मी साऱ्यायले सांगून आली, रशीदले, भीमाले, साऱ्यायले."

विमलनं थापणं थांबवलं नाही. "कशी मेली ते सांगितलं का?"

"नाही."

"मंग मले सांग."

मी सांगितलं. नदीचं पाणी तिच्या घोट्याला लागत होतं, समोर तहाने एकेक करून येत होते, मागे शेवटचं शंभर नदी उतरत होतं आणि त्यातल्या एका पखालीवालीनं वळून पाहिलं. पळसा मागे वळली नाही. पाण्यात पडली तेव्हा तहाने लढायचे थांबले, कारण त्यांना पहिल्यांदाच नदी दिसली आणि ते प्यायला वाकले. तेवढ्या वेळात फौज दूर निघून गेली. हे सगळं मला तिथं बसूनच सुचत गेलं. विमल ऐकत होती. मग तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि गालाला पांढरा पट्टा उमटला. "चांगली मेली," ती म्हणाली. तिची आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "कोन मेलं वं?" विमल म्हणाली, "आमच्या वळखीतली होती." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की एक बिबडी कापडासकट खाली पडली.

लग्न झालं. आमच्या रीतीच्या पांढऱ्या लुगड्यात ती फार मोठी दिसत होती. गाडी निघताना ती रडली आणि मीही रडले, तिथं सगळ्याच रडत होत्या. मॅट्रिकचं म्हणाल तर ती गणितात दोनदा नापास झाली. पहिल्या वेळी कडेवर पोरगी होती, दुसऱ्या वेळी शेतात सोंगणी चालू होती. तिसऱ्या वेळी पास झाली. तोपर्यंत मी अकोल्याला शिकायला गेले होते. अजून आम्ही फोनवर बोलतो. बाबा गेले तेव्हा ती मानोऱ्याहून पहिल्या बसनं आली आणि तेरा दिवस मायजवळ राहिली.

पण मला आठवते ती त्याच वर्षीची दिवाळी, लग्नानंतर ती पहिल्यांदा चार दिवस माहेरी आली तेव्हाची. मी भिंतीपलीकडचा तिचा आवाज ऐकून धावत गेले. ती वाळली होती आणि हाताला चुलीचे चटके होते. मला वाटलं आता ती माझ्याशी बायकांसारखं बोलेल. दुपारी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सुजे, आज तू खेळ. मी चालवतो. मी तिकडं नणंदेले शिकवलं, पोट्टी रोज मागं लागते." मी त्याआधी कधी खेळले नव्हते, नेहमी चालवणारीच होते. नदी नको, किल्ला नको, तिनं जमिनीवर फक्त एक छोटं गाव काढलं.

"तू या गावात पोचली," ती म्हणाली. "नवं गाव हाये. तुले कोनी वळखत नाही. आता काय करतं?"

समोर काय आहे, पुढे काय आहे, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "विहिरीवर जातो."

"विहिरीवर चार बाया हायेत. तू आली तशा बोलाच्या थांबल्या. आता?"

"पानी भरतो आन येतो."

"दुसऱ्या दिशी बी तसंच. तिसऱ्या दिशी बी. आता काय करतं?"

"रोज जातो," मी म्हटलं. दुसरं काय करता येईल हे मला कळतच नव्हतं.

विमलनं मान डोलावली, जणू हे उत्तर तिला माहीत होतं. "विसाव्या दिशी त्यातली एक तुह्या घागरीले हात लावते आन डोक्यावर चढवून देते. म्हनते, पोरी, चुलीले ओलं सरपन घालत जाऊ नको, धूर डोळ्यात जाते. माह्या घरी सुकं हाये, नेत जाय."

"कोन हाये ते?" मी विचारलं. खेळातल्या माणसांना नाव असावं लागतं, हा माझाच नियम होता.

"वत्सला," विमल म्हणाली. "आमच्या घरासमोर राह्यते. तिले दोन पोरं हायेत."

ते नाव तिनं इतक्या सहज सांगितलं की ती बाई खरी आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. विमल त्या कोळशाच्या गावाकडे पाहत होती आणि एका घरावर बोट ठेवून तिथली रेघ ठळक करत होती. मायनं जेवायला हाक मारली तरी आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.